गुळाची गाठ आणि लोमटे मॅडम

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या दूध संस्थेचे चेअरमन मोहनराव अण्णा, केजहून वाट वाकडी करून आलेले प्रमुख पाहुणे, व्यासपीठावरील संचालक मंडळी, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आपल्या दातांच्या डॉक्टर वैजयंता लोमटे मॅडम, आणि समोर बसलेल्या माझ्या दूध घालणाऱ्या बायांनो, भावांनो, लेकरांनो, सर्वांना जानकीबाईचा नमस्कार.

जुनी अंगणवाडीताई आणि आता संस्थेची संचालक, त्यामुळं सभेत बोलायची मला सवय आहे. पण आज माझं चित्त ठिकाणावर नाही. मी सारखी दाराकडं बघतेय, ते तुम्हाला दिसतंच आहे. दारात शिवकन्या बसली आहे. तिच्या मांडीवर पाच वर्षांची ऋतुजा, गाल सुजून डोळा बारीक झालेली. बाहेर आश्रुबा मुकादमांचा ट्रक ऊसतोडीला निघायच्या तयारीत उभा आहे. सकाळी मॅडमनी लेकराचं तोंड बघितलं, दाढेखाली पू झालाय म्हणाल्या, हातमोजेही चढवले. तेवढ्यात अण्णांचा निरोप आला की पाहुणे आलेत, आधी सत्कार उरकू. अण्णा, तुमचा मान म्हणून मी माईकपुढं उभी आहे. थोडक्यात बोलते असं मात्र सांगत नाही, कारण पाहुण्यांनीही तसंच सांगून चांगला तासभर घेतला.

मॅडम आपल्याकडं आल्या त्या चारा छावणीच्या साली. गावाला टँकरचं पाणी, आणि निम्मं गाव जनावरांबरोबर छावणीत. मॅडम तिथं जाऊन म्हणाल्या, दात तपासायचे आहेत. तर आश्रुबांनी आपली कालवड पुढं केली! "बघा मॅडम, दोन दाती हाय का चार दाती?" हसा, हसा. मॅडमनी कालवडीचा जबडा बघितला आणि म्हणाल्या, आता नातीचा दाखवा. आश्रुबा म्हणाले, "लेकराचे कावून? दुधाचे दात हायेत, पडायचेच की." जबडा उघडल्याशिवाय आपण बैलाचा सौदा करत नाही. मग पोटच्या लेकराच्या तोंडात कधी डोकावलो का? दुधाची दाढ दहा-अकरा वर्षांपर्यंत तोंडात राहते, आणि ती सडली तर खालच्या पक्क्या दातालाही बाधते, हे आपल्याला कुणी सांगितलं होतं?

आपल्याला ठाऊक होती ती कीड काढणारी बाई. रिंगणीच्या बियांचा धूर तोंडात घ्यायचा आणि पाण्यात पडलेले पांढरे किडे बघायचे. शिवकन्येची सासू छबुबाई तर शपथेवर सांगायची, "म्या माझ्या डोळ्यानं बघितल्यात किडी!" मॅडम तिच्याशी भांडल्या नाहीत. सकाळी संकलनाच्या वेळी आल्या, एक कॅन उचलला आणि म्हणाल्या, "हा काल धुतला नाही. आजचं दूध यात ओतू?" सगळ्या बाया ओरडल्या, "नासंल की!" मॅडमनी विचारलं, "कावून? किडा कुठाय यात?" मग सांगितलं, कालच्या थेंबातले जंतू जसे दूध आंबवतात, तसेच तोंडातले जंतू गोडाचं आंबट करतात. ते आंबट दात झिजवतं. आधी खडूसारखा पांढरा डाग पडतो. तिथं फ्लोराइडची पेस्ट लावून दात सावरतो. खड्डा पडला तर भरून घेता येतो. दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचलं की मग ठणका आणि पू. छबुबाई त्या दिवसापासून धुराला परत गेली नाही.

मॅडमना एक कोडं होतं. इथल्या लेकरांना धड बिस्किट मिळत नाही, मग पुढचे दात हिरडीपर्यंत काळे कसे? तेव्हा ऊसतोडीच्या फडावरची गोष्ट बाहेर आली. आई उसात, तान्हं पाचटाच्या कोपीत. रडू नये म्हणून फडक्याच्या टोकात गूळ बांधायचा आणि ती गाठ त्याच्या तोंडात द्यायची. दिवसभर गोड पाझरत राहतं, दाताला उसंतच नाही. ती गाठ कुणी हौसेनं बांधत नाही. कोयता थांबला की मुकादम ओरडतो, हे मॅडमना मी सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी कुणाला नावं ठेवली नाहीत. म्हणाल्या, गूळ जेवणाबरोबर द्या, गाठ मात्र सोडा, आणि झोपवताना ओल्या फडक्यानं दात-हिरड्या पुसा.

आणि चूळ भरायला पाणी कुठाय, असं आपण म्हणालो, तर त्या म्हणाल्या, भरूच नका! रात्री घासा, फेस थुंका आणि तसंच झोपा. चूळ भरली की पेस्टमधलं औषध वाहून जातं. दुष्काळात आपल्या सोयीचं काही पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं.

वाजला हॉर्न. ऐकतेय मी, आश्रुबा.

छबुबाई, ते गरम फडकं लेकराच्या गालावरून काढ आधी. शेकल्यानं पू जात नाही, सूज वाढते.

अण्णा, घड्याळ दाखवू नका. मागच्या हंगामात याच ट्रकमधून म्हाळूची लेक अशीच सुजल्या गालानं गेली. तिकडं सूज गळ्यात उतरली, श्वास कोंडला. दवाखाना लांब होता. ती परत आली नाही. आपण तिच्यासाठी कधी असे एकत्र जमलो नाही, कारण दात दुखून कुणी मरतं का, असंच आपण म्हणत राहिलो. मला त्याचा राग येतो. अजून येतो.

शिवकन्या, का उठलीस? काय म्हणतीस? "टोळी खोळंबली बाई, तिकडं गेल्यावर बघू." तिकडं काय बघशील? खाली बस. आश्रुबा, तुमची टोळी तासाभरानं गेली तर ऊस काही पळून जात नाही.

मॅडम, तुमच्याबद्दल अजून लई बोलायचं होतं. तुमची बदली झाली, दर मंगळवारी तुम्ही यायचात, आता कुणाची वाट बघायची, हेही विचारायचं होतं. राहू द्या. तुम्ही आत्ता आत जाऊन खुर्ची मांडा. हार आम्ही सांभाळतो.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, थोरामोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि बायांनो, चहाला थांबू नका, ट्रकपुढं चला. म्हाळू आपल्याआधीच चाकाजवळ जाऊन बसलाय. एकटाच बसलाय.