पंखाच्या पोटातलं काम

मी रिठदची, रिसोड तालुक्यातलं रिठद, आन आमच्या साऱ्या घरान्यात पयली ग्रॅज्युएट, हे मी आधीच सांगून टाकते, कारन लोक मले पाह्यतेत आन इचारतेत, एवढीशी बाई, विमानात काय करत असन, चहा वाटत असन. चहा नाई वाटत बापा. मी विमानाच्या पंखात शिरत होती. पंख बाहेरून चपटा दिसते, पन आतून पोकळ असते, त्याच्यातच इंधन भरतेत, थेच त्याची टाकी. टाकी कुठं पाझरली का मानसाले आत जा लागते, जागा शोधा लागते, जुना लेप खरडून नवा भरा लागते. त्याले लहान अंग पाह्यजे. वाशिमच्या कॉलेजात पोट्ट्या मले काडी म्हनत. थेच काडीचं अंग कामी आलं.

माहा आजाही असाच बारीक होता म्हंतेत. गावातल्या मोठ्या घरची पेवं होती, जमिनीत खनलेली, मडक्यावानी, तोंड लहान आन पोट मोठं, त्याच्यात जवारी ठेवत. पेव उघडलं का आतली हवा वाईट. आधी कंदील सोडत, कंदील जळत राह्यला तं मंग आज्याले सोडत, कमरेले दोर बांधून. मालक वर उभा राहे, पोरं उभी राहत, आन आज्याचा भाऊ दोर धरून सारखा आवाज दे, आहे का गा, आन खालून आजा म्हने, आहे गा. हे मी पाह्यलं नाई, मले आबानं सांगितलं, आबा म्हंजे माहा बाप. मंग आमच्या लोकाईनं धम्म घेतला, असली कामं सोडली, पेवंही बुजली. आबा सालदारी करत राह्यला, पन मले एसटीचा पास काढून देल्ला, शिक म्हने, वर ये.

वर आली मी. बी.एस्सी. केलं, विमानाचा कोर्स केला, हैदराबादले विमानं दुरुस्त करनाऱ्या कंपनीच्या हँगरात लागली. आन काय सांगू तुमाले, पयल्या दिवशी पाह्यते तं काय, टाकी उघडली, आत हवा सोडून राह्यले, मीटर लावून हवा तपासून राह्यले, आन मले म्हंतेत, आत जा, तोंडाशी हा मानूस बसन आन तुले आवाज देत राहीन. मी हासली. कोनाले कळे ना काहून हासून राह्यली. आबाले फोन केला तं आबा म्हने, दोर बांधतेत का? म्हनलं नाई आबा, तिथं मालकही वर उभा राहत नाई, आन पगार माह्या नावावर येते.

तोंडाशी बसत थे खलीलभाई. हैदराबादचे, पोटानं मोठे, म्हनून कधी आत गेले नाई, पन त्याईच्या आवाजावर आमी आत निवांत असू. होकाराले मी हाव म्हनो, थे हौ म्हनत, आमचं जमलं. आत टाकीत सुती कपडेच चालतेत, दुसऱ्या कपड्यानं ठिनगी उडन. मी आत उतानी पडून लेप लावत राहो आन मले वाटे, हा कापूस आपल्या कारंज्याच्या बाजारातून आला असन का, कोन्या बाईनं येचला असन. तिथं टाइम राहत नाई. बोगद्यावानी एकामागं एक कप्पे, बॅटरीचा उजेड पडला का अॅल्युमिनिअम चांदन्यावानी दिसे, आन बाहेरचा सारा आवाज पान्याखालून आल्यावानी येई. कधी कधी मले वाटे का हे विमान उडून राह्यलं, खाली रिठद आहे, आबा बांधावर बसला आहे, आन मी पंखात झोपली आहे. इंधनाचा वास केसातून जाये ना. माहं लगन ठरलं नाई त्याचं कारन थोच वास, असं आई म्हंते. मी म्हनते, वास नाई, पोट्ट्याईची छाती लहान.

बातमीही मले पंखातच कळली. खलीलभाई टाकीच्या तोंडातून म्हने, छाया, सुन री? म्हनलं हाव. म्हने, मेल आया, बडा काम सब बाहर के मुलुख जारा, वहाँ सस्ता पडता बोले. लेप अर्धा लावला होता. थो लेप मधी सोडता येत नाई, सोडला का वाळते आन जोड फुटते. मी लावत राह्यली. खलीलभाई मधी मधी आवाज देत राह्यले, मी हाव म्हनत राह्यली. बाहेर आली तं सारे पंखाखाली उभे, जसं काही घरात कोनी गेलं.

मंग काळ्या फिती झाल्या, गेटवर घोषना झाल्या, युनियनवाले साहेबाईले भेटून आले. साहेब म्हने, हँगर बंद नाई, छोटी कामं राह्यतीन, पुढचं पुढं पाहू. आन मले बोलावलं. म्हने, पयली विमानं तिकडं जाऊन राह्यली, टाक्याईचं तुले समजते, तू सोबत जा, हात लावाचा नाई, फक्त पाह्यजो आन कळवजो. मी नाई म्हननार होती. खलीलभाई म्हने, ना नक्को बोलो, जाओ तुम. बारीक देखो. कुछ तो गलती रहती, गलती दिखी तो लिखो, विमान वापस आते. साऱ्याईनं मले तसंच म्हनलं. कॅन्टीनवाला चहाचे पैसे घे ना. मी आबाले इचारलं. आबा म्हने, मंग आता तू वर उभी राहनार, आन कोनी दुसरं खाली उतरनार. बस, एवढंच म्हने. त्याच्यात हासू होतं का काय होतं, मले आजपावेतो कळलं नाई.

गेली मी. तिथलं हँगर पांढरंशुभ्र, फरशीवर पाय ठेवाले लाज वाटे. कोनी ओरडे नाई. टाकीत जानारी तिथंही एक पोट्टी होती, माह्यापेक्षाही बारीक, तिची भाषा मले ये ना, माही तिले ये ना. थे आत जाये, तिचा मानूस तोंडाशी बसून काहीतरी म्हने, आतून थे काहीतरी म्हने. मी हात मागं बांधून उभी. हाताले काम नसलं का हात कसे जड होतेत, तुमाले सांगून समजनार नाई.

काम संपल्यावर मले आत जाऊन पाह्याची परवानगी होती. मी सुती कपडे घातले, मास्क चढवला, आन त्या पंखात शिरली. थो पंख माह्या वळखीचा होता. एका कप्प्यात माहा सोताचा जुना लेप, आन त्याच्या बाजूले तिचा नवा. मी बॅटरी धरून पाह्यलं, वाकडी धरून पाह्यलं, कुठं बुडबुडा आहे का पाह्यलं, कोपरे पाह्यले. देवाशपथ म्हनायची सवय आमच्या घरात नाई, पन खरं सांगते, मले वाटे एखादी चूक निघो. निघेना. नवा लेप जरा उजळ होता, एवढाच फरक. हात थोच. मी तिथंच पडून राह्यली, कितीक वेळ, बाहेरून थो मानूस त्याच्या भाषेत आवाज देत राह्यला, आन मी म्हनो हाव, आन त्याले थे चाललं.

मी लिहिलं, काम चांगलं आहे. खोटं लिहाले मले कॉलेजनं शिकवलं नाई.

वापस आली तं कोनी शिव्या देल्ल्या नाई, शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. कॅन्टीनवाल्यानं पैसे घेतले. खलीलभाईनं मले बाजूले नेलं, इचारलं, हाथ कैसा था उसका? म्हनलं, आपल्यावानी. त्याईनं टोपी काढली, डोकं खाजवलं, म्हने, फिर क्या करते, लोगाँ बैठते उसमें. आन चहा पाजला. मोठी विमानं आता तिकडंच जातेत. खलीलभाईनं नौकरी सोडली, घरी नातू सांभाळतेत. साहेबानं मले पुन्हा देखरेखीले जा म्हनलं, पगार वाढवून. मी नाई म्हनलं. वर उभं राहाचं काम मले जमत नाई.

आता नागपूरले विमानतळावर आहे. विमान येते, घटकाभर थांबते, मी टायर पाह्यते, ब्रेक पाह्यते, तेल पाह्यते. हात काळे होतेत, आईले वाटते पोट्टी ठिकानावर आली. पंखात आता जा लागत नाई. निघाच्या आधी मी पंखाखाली वाकते आन जमीन पाह्यते, थेंब पडला का. सकाळच्या उन्हात जमीन कोरडी असते. मनातलं एक मन म्हनते, एखादा थेंब दिसावा, कोनाले तरी आमची आठवन यावी. दुसरं मन त्याले लगेच दाबते, वर लेकराईवाले बसले आहेत. कोरडीच राहो बापा, रोज कोरडी राहो. मी उठते, अंगठा वर करते, आन थे विमान हळूच सरकाले लागते.