तारेखालची पट्टी

सुबोध : हिच्यासमोरच सांग, बाळा. मी सांगून सांगून थकलो. या डबड्यातून कधी सूर निघणार आहे का?

बाळा : आधी केसमधून बाहेर तर येऊ दे, सर. डॉक्टरसुद्धा नाडी बघून बोलतो.

सुबोध : केस कसली, पिशवी आहे ती. श्रुतिका, काढ बाहेर. आणि जपून, टेबलावर माझी फेंडर आहे. तिला ओरखडा गेला तर असल्या दहा गिटारी विकून भरून निघणार नाही.

श्रुतिका : मी खाली सतरंजीवर ठेवते, सर.

सुबोध : ठेव. बाळा, डोक्यावरचं नाव वाच. मला तर उच्चारताही येत नाही. हे लोक मिक्सर मागवावा तशी गिटार मागवतात. फोटो बघायचा, लाल रंग पसंत करायचा, घरपोच. हिच्या भावाचा पराक्रम.

श्रुतिका : नितेशदादानं पहिल्या पगारातून घेतली, काका.

सुबोध : पगार पहिला असला म्हणून लाकूड चांगलं होतं का? आणि तोच भाऊ काल मला फोन करून शिकवतो, 'सर, एकदा रिपेअरवाल्याला दाखवून बघा ना.' म्हटलं ठीक आहे, मुलुंडला माझी गिटार न्यायला मी जातोच आहे, हिलाही घेऊन जातो. बाळाच्या तोंडून ऐकलं की विषय संपला. मुंबईत गिटार कळणारा माणूस एकच, आणि तो या इस्टेटच्या शेवटच्या गाळ्यात बसतो.

बाळा : आज लोणी जरा जास्तच लावताय. बाय, किती दिवस वाजवतेस?

श्रुतिका : नऊ महिने झाले. रोज दोन तास. भांडुपला घरात जागा नाय, म्हणून गच्चीत.

सुबोध : आणि नऊ महिन्यांत साधा एफ कॉर्ड लागत नाही! ऋता हिच्यानंतर चार महिन्यांनी आली, आज सोलो वाजवते. तिच्या वडिलांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं, घ्यायची तर नाव असलेली घ्या, नाहीतर मुलीला चित्रकलेला घाला.

श्रुतिका : रविवारी क्लासचा कार्यक्रम आहे ना, काका. त्यात माझं एक गाणं होतं. सरांनी ते ऋताला दिलं.

सुबोध : दिलं. कारण पार्ल्याचे लोक ऐकायला येतात, तुझ्यावर दया करायला नाही. तुला कोरसमध्ये ठेवलंय, ते काय कमी आहे?

बाळा : हात बघू तुझा. डावा. आई गं... हे काय करून घेतलंस बोटांचं?

श्रुतिका : आधी फुटायची. आता नाय फुटत.

बाळा : थांब. माझी मापाची पट्टी... ही बघ. दांड्यावरच्या ह्या बाराव्या धातूच्या पट्टीवर, फ्रेटवर, तार साडेतीन मिलिमीटर वर. पायजे पावणेदोन. यावर माझ्या बापाला पण एफ लागला नसता, नि तो गिरणीत साचे चालवायचा.

सुबोध : ऐकलंस? स्वस्तातली म्हटली की हे असंच.

बाळा : तार एवढी वर असली की दाबताना सूर पण चढतो. कितीपण ट्यून करा, बेसूरच वाजणार.

श्रुतिका : सर म्हणतात, मला कान नाय.

सुबोध : मग? नऊ महिने बेसूर वाजतंय हे तुला कळलं नाही. याला काय कान असणं म्हणतात?

श्रुतिका : कळायचं, सर. मला वाटायचं माझंच चुकतंय.

बाळा : एक मिनिट. खाली तारा टेकतात त्या ब्रिजचे स्क्रू एकदम शेवटपर्यंत चढवलेत. कारखान्यात असं कोण करत नाय. नि वरची ही पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात ना, तो नट. तो पण उचललेला दिसतोय. बाय, ही कोणाकडे दिली होतीस?

श्रुतिका : कोणाकडे नाय. फक्त सरांच्या व्हिडिओसाठी चार दिवस क्लासमध्ये होती.

सुबोध : कुठल्या व्हिडिओसाठी?

श्रुतिका : 'स्वस्त की ब्रँडेड', सर. आठ महिने झाले. तेव्हा माझी एकदम नवीन होती, क्लास सांभाळणाऱ्या सपनाताईंनी मागून घेतली. तुम्ही त्यात तिला कपडे वाळत घालायची काठी म्हणालात. आमच्या घरी सगळे एकत्र बसून बघत होते. दादा मधेच उठून गेला.

सुबोध : ती तुझी होती? हे बघ, सपनानं आणून दिली, मी वाजवली. मी काय नाव-गाव विचारत बसतो का? सगळ्या सारख्याच दिसतात ह्या.

बाळा : सर, जरा गप ऱ्हवा.

(बाळा तारा सैल करतो, नट उचकटतो, त्याच्याखालची बारीक पट्टी चिमट्यानं काढून श्रुतिकाच्या तळहातावर ठेवतो.)

श्रुतिका : कागद आहे हा. जाड.

बाळा : वाच काय लिवलंय.

श्रुतिका : '...टार रिपेअर, मुलुंड पश्...' काका, हे तुमचं कार्ड आहे.

बाळा : माझंच. मीच कापून घातलं, ह्याच टेबलावर.

सुबोध : बाळा, आपल्यातलं बोलणं आपण नंतर...

बाळा : व्हिडिओ असला की सर दोन गिटारी आणतात. एक त्यांची, ती रेशमासारखी करून द्यायची. दुसरीच्या तारा चढवून ठेवायच्या, म्हणजे वाजवताना सरांचा हात दुखतोय असं दिसायला पायजे. चार वेळा केलं मी. तुझी त्यातली एक.

श्रुतिका : म्हणजे ही आधी चांगली होती? परत आली तेव्हा जड वाटली होती, पण मी शिकायला नवीनच होते.

बाळा : खोटं कशाला बोलू, सरांच्या फेंडरची सर नाय तिला. फेंडरचा आवाज भरलेला, तासभर वाजवून पण सूर हलत नाय. हिच्या चाव्या ढिल्या, तारांचा आवाज पकडणारे पिकअप साधे. पण शिकायला? झकास होती. हातात घेतली तेव्हा मनात म्हटलं पण, एवढ्याशा किमतीत बरी बनवलीय लेकाच्यांनी. मग बिघडवली.

सुबोध : बिघडवली काय? फरक ठळक केला. लोक टीचभर मोबाईलवर ऐकतात, त्यांना कळायला नको? फरक आहेच ना? आत्ता तूच म्हणालास.

बाळा : आहे तो. तेवढा तुम्हांला पुरला नाय.

श्रुतिका : परत खाली का नाय घेतली?

सुबोध : राहून गेलं. रविवारी शूटिंग, सोमवारी सहा बॅचेस. सपनानं कोपऱ्यात ठेवली असेल, तू उचलून नेलीस.

बाळा : मला वाटलं, दुकानातली असंल. परत दुकानात जाईल.

श्रुतिका : आणि दुकानातून कोणीतरी घेतली असती, तर?

बाळा : ती पट्टी नीट धर, बाय. उडंल.

श्रुतिका : सांगा ना, काका.

बाळा : काय सांगू? तिथपर्यंत विचारच केला नव्हता मी.

श्रुतिका : मी दादाला म्हटलं होतं, भंगार आणलंस. त्या व्हिडिओनंतर. मग बोट फुटलं की दरवेळी म्हणायचे. आता मी गच्चीत गेले की तो खाली नाक्यावर जाऊन उभा राहतो.

सुबोध : बरं, झालं ते झालं. बाळा, तारा खाली घे तिच्या, काय होतील ते माझ्या नावावर. आणि श्रुतिका, हे क्लासमध्ये बोलायची गरज नाही. मुलांचा विश्वास उडतो.

बाळा : मुलांचा! बसा तिकडं स्टुलावर. पंधरा मिनिटं लागतील, तोंड बंद ठेवलंत तर दहा.

सुबोध : बाळा, तू कोणाशी बोलतोयस?

बाळा : तेच विचार करतोय मी, किती वर्षं कोणाशी बोलत होतो... बाय, त्या डब्यातली सगळ्यात छोटी चावी दे. हां. आता हा नट बसला जाग्यावर. स्क्रू खाली... पातळ तार लाव... आता माप बघ तूच.

श्रुतिका : पावणेदोन.

बाळा : धर. एफ लाव. दाबू नकोस एवढी, कुस्ती नाय ही. फक्त बोट ठेव.

श्रुतिका : लागला!

बाळा : परत. ... परत. ... आता ते रविवारचं गाणं वाजव, सगळं.

सुबोध : अरे... हे मधलं तू एवढ्या स्पीडनं कधी बसवलंस?

श्रुतिका : जूनमध्येच, सर. तुमच्यासमोर वाजवलं होतं. तुम्ही मेसेज बघत होतात.

बाळा : सर, एक विचारू? तुमचे कान कुठल्या कंपनीचे हो?

सुबोध : तोंड सांभाळ, बाळा. श्रुतिका, ऐक. रविवारी तू वाजव, ऋताला मी समजावतो. हवं तर माझी फेंडर घे स्टेजवर. नाव दिसलं की लोक जरा नीट ऐकतात.

श्रुतिका : नको, सर. गाणं ऋताकडेच राहू दे. तिनं मेहनत केलीय, तिनं काय केलंय माझं? मी क्लासला नाय येत आता.

सुबोध : एका मिलिमीटरवरून?

श्रुतिका : तो व्हिडिओ काढाल?

सुबोध : साठ हजार लोकांनी बघितलाय तो!

श्रुतिका : त्यात एक माझा दादा होता.

सुबोध : वा. डायलॉग येतो, एफ यायला नऊ महिने. बाळा, माझी केस दे. पुढच्या वेळेपासून बांद्र्याचा मुलगा बघतो मी.

बाळा : बघा की. त्याच्याकडे पण कार्ड असंल.

सुबोध : या गाळ्यात कुजशील तू.

बाळा : दार ओढून घ्या जाताना. धूळ येते. ... गेला. बाय, पाणी पी. नि पैसे बियसे नको हां मला.

श्रुतिका : मी देणारच नव्हते.

बाळा : होय. बरोबर आहे तुझं.

श्रुतिका : ही कार्डाची पट्टी नेते मी. दादाला दाखवायचीय.

बाळा : ने. माझा नंबर अर्धा कापलाय त्यात. पुरा पायजे तर सांग, येऊन शिव्या घालू दे त्याला. ... तरी एक सांगू? एवढ्या वरच्या तारांवर आठ महिने घासलंस ना, म्हणून आज हात असा पळतो. लोखंड झालंय बोटांचं. आता तुला कुठलीपण गिटार...

श्रुतिका : काका, त्याचं तरी श्रेय घेऊ नका.