रिकाम्या हाताचे शुक्रवार

मस्कतला होतो ना, तेव्हाची गोष्ट. ऑफिसातल्या एका स्कॉटिश माणसाने मला पिसांची खोटी माशी गळाला लावून मासे धरायला आणि धरून परत पाण्यात सोडायला शिकवलं. त्याच्या गावी नदीतले ट्राउट मासे, इथे समुद्र. उन्हाळा तोंडावर आलेला, मग किनाऱ्यावर उभं राहवणार नाही, म्हणून मी सुट्टीचा एकही शुक्रवार सोडत नव्हतो.

"मासे कुठायत?" बायकोने विचारलं.

"पकडले आणि सोडून दिले."

"मी मालवणची आहे. हातातला मासा कुणी सोडतं? खरं सांग, कुणाला भेटायला जातोस?"

पुढच्या शुक्रवारी ती गाडीत येऊनच बसली. किनाऱ्यावर चार तास माझ्यावर नजर ठेवून होती. नेमका त्या दिवशी एकही मासा लागेना.

शेवटी ती उठली. म्हणाली, "पटली खात्री. तुझ्या गळाला मासा लागत नाही, बाई कुठली लागणार!"