पेलिकन लगूनमधला ज्वालामुखी

...आणि तो काउंटरवरचा माणूस मला विचारतो, ‘मॅडम, किल्ली आली का तुमच्या फोनवर?’ आता मला सांगा, फोनवर किल्ली कशी येईल? फोनवर मुलगी येते, फोनवर डॉक्टरांकडची बाई येते, किल्ली येते का कधी? किल्ली म्हणजे कशी, पितळेची, तिला हा एवढा प्लॅस्टिकचा पेलिकन पक्षी लटकवलेला, खिशात घातली की त्याची चोच मांडीला टोचायची! चौऱ्याऐंशी साली पेलिकन लगूनला अशी किल्ली द्यायचे. आमचा लेनी, म्हणजे माझा नवरा, ती आठवडाभर गळ्यात घालून फिरायचा, जसं काही हॉटेल त्याच्या बापाचं!

तर मी म्हटलं, ‘नाही आली.’ तो म्हणाला, ‘येईल, येईल. किती जण आहात?’ म्हटलं, ‘एक.’ ‘एकच?’ मान वाकडी करून माझ्या पाठीमागे बघतो, मी कुणाला लपवून आणलंय की काय! ‘पण मॅडम, बुकिंग तर चौघांचं दिसतंय.’ म्हटलं, ‘दिसू दे. चौघांचंच होतं.’

नाही, तुम्हाला नीट सांगते, नाहीतर तुम्हीही माझ्या मागे वाकून बघाल. मी वर्ना. आम्ही ओहायोतले, टोलीडोचे. लेनी काचेच्या कारखान्यात, भट्टीवर. जुलैमध्ये दुरुस्तीसाठी भट्टी आठवडाभर बंद ठेवायचे, आणि ती बंद झाली की त्याच संध्याकाळी आम्ही गाडीत! लेनी, मी, आमची डोरीन, आमचा क्रेग. अठरा तास! मागे त्या दोघांची मारामारी, पुढे लेनीचं गाणं, आणि मांडीवर माझ्या सँडविचेसचा डबा. असे नऊ उन्हाळे. चौऱ्याऐंशी ते ब्याण्णव. फ्लोरिडा म्हणजे आमच्यासाठी समुद्र नाही, काही नाही, फ्लोरिडा म्हणजे पेलिकन लगून! थीम पार्कच्या आतलंच हॉटेल, दारातून बोट सुटायची ती थेट झोपाळ्या-पाळण्यांपर्यंत. खोलीत भगवा गालिचा, पलंगपोसावर पोपट. सकाळी सातला फोन वाजायचा, उचलला की रेकॉर्ड केलेला कॅप्टन ओरडायचा, ‘उठा रे खलाश्यांनो, सूर्य वर आला!’ आणि आमचा लेनी, अहो, त्या रेकॉर्डला म्हणायचा, ‘हो सर. उठलो सर. आभारी आहे सर.’ रोज! मी म्हणायचे, ‘लेनी, अरे ती टेप आहे.’ तर म्हणायचा, ‘असू दे गं, इतक्या सकाळी बोलतोय बिचारा.’

असा माणूस!

आणि मग पोहण्याचा तलाव. तलावाच्या मधोमध ज्वालामुखी. हसू नका, खरंच ज्वालामुखी! सिमेंटचा, पण तीन मजली, वर लाल दिवा, तासातासाला धूर सोडणार. त्याच्या पोटात घसरगुंडी. मागून जिना चढायचा, वरच्या भोकातून आत शिरायचं, आणि काळोखातून धाडकन खाली पाण्यात! मुलांना पार्कबिर्क काही नको, दुपारभर ज्वालामुखी. आणि पहिल्याच दिवशी सगळ्या तलावाला ऐकू जाईल असं लेनी ओरडला, ‘चला पोरांनो! बाप आधी!’ माझ्याकडे वळून म्हणाला, ‘येतेस?’ मी म्हटलं, ‘तुम्ही जा, मी सामान सांभाळते.’

कुणीतरी सांभाळायला हवं ना? चार खुर्च्या मी सकाळी आठलाच टॉवेल टाकून अडवलेल्या. सहा चपला, लेनीचा वाचायचा चष्मा, त्याचं घड्याळ, क्रेगचा प्लॅस्टिकचा शार्क, सँडविचेस. मी उठले असते तर गेल्या असत्या खुर्च्या! आणि खरं सांगू? तुम्ही काय कुणाला सांगायला जाणार आहात... पोहण्याच्या कपड्यात इतक्या लोकांपुढून तो जिना चढायचा, हे मला नको वाटायचं. दोन बाळंतपणं झालेली. तर दरवर्षी तेच. ‘मॉम, चल ना!’ ‘तुम्ही जा, मी सामान सांभाळते.’ लेनी ‘चल’ म्हणायचा, पण मी नाही म्हटलं की असा चेहरा खुलायचा त्याचा! मला वाटायचं, बरोबर आहे, बायको बरोबर असली की पुरुषाला मोकळं हुंदडता येत नाही.

आणि रात्रीच्या जेवणाला त्याचं वर्णन! काटा-चमचा खाली ठेवून, दोन्ही हातांनी. ‘वर्ना, आत ना, आधी काळोख, मग वळणावर डावीकडे असं जोरात फेकलं जातं, असं की सगळं अंग डाव्या खांद्यावर येतं! बघ, बघ कसा लाल झालाय!’ आणि मी झोपताना त्याच्या डाव्या खांद्याला मलम चोळायचे. नऊ वर्षं. मलम मी टोलीडोहूनच घेऊन यायचे, आठवणीनं.

लेनीला जाऊन आता तीन वर्षं झाली. तर मार्चमध्ये क्रेगचा निरोप, ‘मॉम, वाचलंस का? पेलिकन लगूनचा ज्वालामुखी पाडणार. या शरद ऋतूत.’ मला काय झालं कुणास ठाऊक. दोघांना म्हटलं, ‘जाऊ या का? आपण सगळे?’ आणि दोघंही हो म्हणाले! लगेच! मी नाचायचीच बाकी होते. चौघांचं बुकिंग केलं, मी, डोरीन, क्रेग आणि डोरीनचा मुलगा. मग मे महिन्यात क्रेग म्हणाला, ‘मॉम, ऑफिसात असं झालंय ना...’ मी म्हटलं, ‘अरे, काही हरकत नाही!’ जूनमध्ये डोरीन म्हणाली, ‘मॉम, याच्या पोहण्याच्या स्पर्धा नेमक्या...’ मी म्हटलं, ‘अगं, काही हरकत नाही!’ मला हरकत घेताच येत नाही हो. आयुष्यात कधी जमलं नाही. ‘पण तू एकटी जाऊ नकोस हं,’ डोरीन म्हणाली. मी म्हटलं, ‘छे, एकटी कशाला जाईन?’ आणि गेले.

खोलीत दोन मोठ्ठे पलंग. एकावर मी, एकावर बॅग. बॅग माझ्यापेक्षा ऐसपैस झोपली! भगवा गालिचा गेला, सगळं करडं, डॉक्टरांच्या दवाखान्यासारखं. संध्याकाळी खाली फोन लावला, म्हटलं, ‘सकाळी सातला कॅप्टनचा फोन येईल ना?’ पलीकडून, ‘कुठल्या कॅप्टनचा, मॅडम?’ म्हटलं, ‘राहू दे.’ सातला मी आपली आपण उठले. हो सर, उठले सर.

नाश्त्याला दारातच बाई, हातात कागद. ‘किती जण?’ आता काय झालं मला, सांगते, लाज वाटते सांगायला... मी म्हटलं, ‘चार. बाकीचे येतायत.’ झालं! तिनं चौघांचं टेबल दिलं, चार ताटं, चार पेले, मुलांसाठी रंगीत खडू! मी बसले तीन रिकाम्या ताटांसमोर. दहा मिनिटांनी आली, ‘आले का?’ ‘येतील.’ परत आली, ‘मागवायचं का?’ मी अंडी मागवली. तिसऱ्यांदा आली, बिचारी चांगली होती हो, म्हणून तर जास्त कठीण, ‘अजून नाही आले?’ मी म्हटलं, ‘पोहतायत.’ ‘अरे वा!’ म्हणाली. अंडी तशीच टाकून उठले.

तिथून थेट तलावावर. आठची वेळ, हात आपोआप चालले, टॉवेल टाकला, खुर्ची अडवली. पिशवी ठेवली, चपला काढून नीट जोडून ठेवल्या, आणि बसले. समोर ज्वालामुखी, रंग उडालेला, धूर बंद पडलेला. पोरं ओरडतायत, बाप ओरडतायत. आणि किती वेळ बसले असेन? दोन तास! दोन तास मी पिशवीवर हात ठेवून बसले होते, मान ताठ, डोळ्यांत तेल घालून. आणि मग एकदम माझ्या डोक्यात आलं... वर्ना, अगं, कुणाचं सामान सांभाळतेस तू? एक टॉवेल, एक पिशवी, चपलांचा एक जोड. सगळं तुझंच. आणि ‘तुम्ही जा’ म्हणायला कुणी आहे का इथं?

उठले! पंचाहत्तर वर्षांची बाई, फुलाफुलांचा पोहायचा पोशाख, काखेत पिशवी, निघाले जिना चढायला. लोक बघत होते? बघू देत! एकावन्न पायऱ्या, मी मोजल्या, दर दहा पायऱ्यांना थांबून. वर घसरगुंडीच्या तोंडाशी एक म्हातारबाबा शिट्टी घेऊन बसलेले. डेलबर्ट नाव छातीवर. निवृत्त होऊन घरी कंटाळले म्हणून कामाला लागलेले. मला बघून म्हणाले, ‘बाई, लिफ्ट शोधताय का?’ म्हटलं, ‘घसरगुंडी शोधतेय.’ ‘किती जण?’ ‘एक!’ मी अशी ओरडले की ते दचकलेच. ‘बरं बरं,’ म्हणाले, ‘एकाच वेळी एकालाच सोडतो आम्ही, इथं सगळे एकेकटेच जातात. हात छातीवर, पाय जुळवा. आणि ओरडायचं असेल तर ओरडून घ्या, आत कुणाला ऐकू जात नाही.’

आणि सोडलं मला!

अहो, काय सांगू! काळोख, पाणी, पाठीखाली सटासट, पोट कुठं राहिलं, मी कुठं, आणि वळणाला तर मी भिंतीवर चढले, भिंतीवर! आणि त्याच क्षणी मला आठवलं, पिशवी! पिशवी वर त्या डेलबर्टपाशीच राहिली! तर बाकीचे लोक ज्वालामुखीतून ‘याहू’ करत बाहेर पडतात, मी बाहेर पडले ती ‘माझी पिशवीऽऽ’ करत! नाकातोंडात पाणी. वर आले आणि हसायला लागले, एकटीच, थांबताच येईना. कडेची एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, ‘बरी आहे ना ती?’

पण डोक्यात एक किडा वळवळत होता. परत एकावन्न पायऱ्या. पिशवी घेतली आणि डेलबर्टना विचारलं, ‘घसरगुंडी बदललीत का हो मधे? पूर्वी वळणावर डावीकडे फेकायची.’ ‘छे,’ म्हणाले, ‘बांधली तेव्हापासून उजवीकडेच फेकते. सिमेंट आहे बाई, ते कुठं वळणार?’

उजवीकडे! माझा उजवा खांदा ठणकत होता, उजवा!

तशीच ओली खुर्चीवर बसले आणि डोरीनला फोन लावला. ‘डोरीन, मी पेलिकन लगूनला आहे.’ ‘मॉम! तू म्हणालीस...’ ‘ते राहू दे. मी घसरगुंडीवर गेले. वळणावर उजवीकडे फेकते. तुझे डॅड डावीकडे म्हणायचे. नऊ वर्षं डावीकडे म्हणायचे!’ पलीकडे खुसखुस. मला वाटलं रडतेय, तर हसतेय! मग खरंच रडायला लागली. म्हणाली, ‘मॉम, डॅड कधी गेलेच नाहीत गं आत.’

‘म्हणजे?’

‘पहिल्या दिवशी वर गेले, आत डोकावले, आणि पांढरेफटक पडले. बंद काळोखात त्यांचा जीव घुसमटायचा. आम्हाला म्हणाले, तुम्ही जा, मी खाली आहे. आणि मागच्या बाजूला एक बाक आहे, तिथं बसायचे. निघायची वेळ झाली की पाय धुवायच्या नळाखाली डोकं घालायचे आणि ओले होऊन तुझ्याकडे यायचे. आम्हाला शपथ घातली होती, मॉमला सांगायचं नाही.’

‘आणि खांदा? लाल व्हायचा तो?’

‘चोळून चोळून करायचे, मॉम.’

ऐकताय ना? मी इकडे मलम चोळतेय आणि तो तिकडे खांदा चोळतोय! ‘अगं, पण का?’ मी म्हटलं. ‘मला सांगायला काय झालं होतं?’ डोरीन म्हणाली, ‘आम्हीही विचारलं होतं. तर म्हणाले, तिला ती गोष्ट ऐकायला फार आवडते रे, जेवताना.’

आवडायची. खोटं कशाला बोलू? मी वर्षभर वाट बघायचे त्या गोष्टीची. मी ‘बरं’ म्हटलं, ‘स्पर्धेला शुभेच्छा सांग,’ म्हटलं, आणि फोन ठेवला.

मग गेले मागे. टॉवेलच्या खिडकीला वळसा घालून, ज्वालामुखीच्या पाठीमागे. नळ होता. बाक होता. लाकडी, मोठ्या मोठ्या पानांच्या झाडाखाली. बसले. आणि काय सांगू तुम्हाला, काय थंडगार सावली! झुळूक येतेय, शेजारी आईस्क्रीमची खिडकी, आणि त्या दोन झाडांच्या फटीतून समोर बघावं तर... पलीकडचा काठ. पलीकडच्या खुर्च्या. सरळ रेषेत, माझी खुर्ची! हा मेला नऊ उन्हाळे इथं बसून, आईस्क्रीम चाटत, माझ्याकडे बघत बसायचा! मी तिथं उन्हात करपतेय, ह्याच्या चपला राखतेय, आणि ह्याला एकदाही वाटलं नाही की बोलवावं हिला, दोघांपुरता बाक आहे!

असं भांडण उसळून आलं म्हणून सांगू! इतकं मुद्देसूद भांडण मला सबंध संसारात सुचलं नव्हतं. उभी राहिले, कमरेवर हात ठेवला, तोंड उघडलं... आणि समोर कोण? आईस्क्रीमवाली.

ती म्हणाली, ‘बोला, कुठलं देऊ?’

मी म्हटलं, ‘दे गं बाई... कुठलंही दे.’