येसराचा डबा

हसू नका, पण आमच्या घरात एकदा मंजनाची आमटी झाल्ती.

आई दात घासायचं मंजन घरीच कुटायची. बाभळीची साल, लवंग, तुरटी, सैंधव, असं काय काय असायचं त्यात. अण्णांच्या हिरड्यांतून रक्त यायचं, ते ह्या मंजनानंच थांबलं, असं अण्णा परतूरभर सांगत फिरायचे. आई ते भरून ठेवायची येसराच्या, म्हंजे आमटीला लावायच्या भाजक्या मसाल्याच्या पिठाच्या, जुन्या डब्यात. ती गेली, तव्हा अर्धा डबा राहिल्ता. अण्णा चिमटीचिमटीनं पुरवून राह्यल्ते.

मंग धाकट्या भावाचं लग्न झालं. नव्या सूनबाईनं एक दिवस हौसेनं येसर आमटी केली. मी पहिला भुरका मारला आन् जीभच आखडली.

"अगं, काय घातलंस हिच्यात?"

"येसर. त्या मोरीजवळच्या डब्यातलं. मला वाटलं, चुकून तिथं राहिलं."

अण्णांचा हात थांबला. "सगळं घातलं?"

"हो मामा. थोडंच होतं. डबा घासून पालथा घातला."

ते आईचं मंजन होतं, हे मी सांगितलं तशी पोरगी रडायलाच लागली. "ताट द्या मामा, दुसरी करते जल्दी."

"राहू दे बाई. तुझ्या सासूच्या हातचं हाये."

भाकर कुस्करून अण्णांनी सगळी आमटी संपवली.

उठून त्यांनी हात धुतला. चूळ मात्र भरली न्हाई.