शांततेचा बंदोबस्त

...आणि मी काय वाईट सांगत होतो हो? तुम्हीच सांगा. गाणं ऐकायला आलात ना, मग गाणं ऐका, एवढंच! पण नाही, मीच वाईट. माझी तक्रार नाही, फक्त सांगतोय.

तुम्हाला सांगतो, मी अमळनेरच्या आमच्या संगीत मंडळाचा चिटणीस. गेल्या वर्षी पुण्याचे एक बुवा आणले होते, सकाळची बैठक. बुवांनी डोळे मिटून षड्ज लावला आणि तिसऱ्या रांगेत केळीच्या वेफर्सची पिशवी फुटली... फर्रर्र! ती फोडणाऱ्यानं आधी डावीकडं पिशवी पुढं केली, मग उजवीकडं, आपल्याकडं एकट्यानं खाणं बरं दिसत नाही ना! तेवढ्यात कोणी उशिरा आला, त्यानं दारातूनच सगळ्यांना राम राम घातला, सगळ्यांनी घेतलाही, मग आलेल्याला चहा नको का? आला चहा, कपबश्या वाजल्या. आमच्या शेजारच्या मंजुळाबाई तर तुरीच्या शेंगा सोलायलाच घेऊन आलेल्या. सोलता सोलता पुढच्या बाईला विचारतात, "आज भाजी काय करी व?" आणि ती बाई सांगते हो, फोडणीसकट सांगते! बुवा जाताना माझ्याकडं असं बघून गेले की मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

म्हणून यंदा ठरवलं, बंदोबस्त करायचा. कारण यंदा मुख्य गाण्याआधी वीस मिनिटं आमची साक्षी गाणार होती. माझी मुलगी. अकरा वर्षं शिकतेय, पहिल्यांदा लोकांसमोर बसणार. तिच्या गाण्यात वेफर्स वाजले तर बापाचं काळीज काय होईल, विचार करा. मी पाट्या रंगवल्या, 'शांतता राखा', वीस पाट्या. खाली बारीक अक्षरात, 'आवाज करणाऱ्यास बाहेर नेण्यात येईल.' त्यासाठी दारात आमच्या रुपचंदला उभं केलं, चांगला आडदांड माणूस. घरोघर जाऊन सांगून आलो, आणि पॅसेंजर पकडून नरडाण्यालाही गेलो. तिथं माझे काका, झुलाल आबा, त्यांची भजनी मंडळी येणार होती नातीला ऐकायला. आबांना म्हटलं, आबा, हूं की चूं करायचं नाही. आबा जरा विचारात पडले. म्हणाले, "भजनमा चूप बठस तो झोपेल ऱ्हास. पन तू म्हनस ते खरं. आम्ही चूप बससूत."

चूप बसले हो. काय चूप बसले! माझी तक्रार नाही, फक्त सांगतोय.

रविवारी सकाळी दहाला सभागृह गच्च, आणि आवाज? पंख्याचा. दोनशे माणसं दशक्रियेला बसल्यासारखी. मंजुळाबाई हाताची घडी घालून, भजनी मंडळी खाली मान घालून, आणि पहिल्या रांगेत आबांनी तर रुमालाचं टोक दातात धरलेलं, न जाणो चुकून काही निघालं तर! माझी छाती फुगली. साक्षीनं तोडी सुरू केली, आलाप झाला, तबला आला, पहिली सम आली... आणि कुणी डोकंसुद्धा हलवलं नाही. दुसरी सम. काही नाही. पोरगी बावरली. आता बघा, ही पोरगी शिकली कुठं? आमच्या घरात. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, आईची हाक, आणि आबा मुक्कामी असले की समेला मांडीवर थाप, "हां बेटा, हां!" तिला वाटलं आपलं काही तरी चुकतंय. मुखडा घेतलाच नाही तिनं, तबलजी आपला एकटाच फिरतोय, आणि तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. तो ओठ मी ओळखतो, शाळेच्या पहिल्या दिवसापासून ओळखतो.

मी मंचाशेजारच्या दारातून आबांना खुणा केल्या. हात हलवले, मांडीवर थाप मारून दाखवली, करा, काही तरी करा! आबांनी शांतपणे मान हलवली आणि बोटानं भिंतीवरची माझी पाटी दाखवली.

मग काय करणार? ओरडलो. "आबा, दाद द्या ना!" असा ओरडलो की माईकनंही तो आवाज उचलला.

दोनशे माणसं एकदम वळली, आणि दोनशे तोंडांतून एकच आवाज आला... "शूऽऽऽ!" मंजुळाबाईंचा सगळ्यांत मोठा!

आणि साक्षी हसली. खुदकन हसली, त्याच हसण्यात मुखडा पकडला आणि बरोब्बर समेवर आली. आबांच्या दातांतला रुमाल सुटला, मांडीवर थाप पडली, "हां बेटा, हां!" मागून भजनी मंडळींनी माना डोलावल्या, कुणी वा म्हटलं, मंजुळाबाई डोळे पुसताहेत... पोरगी काय सुटली म्हणून सांगू!

म्हणजे तसं मला लोकांनी नंतर सांगितलं. कारण रुपचंदनं माझा दंड धरलेला. "अभिमनभाऊ, नियम तुम्हीच लिहिलाय ना?" मी म्हटलं, अरे, माझी मुलगी आहे ती. तर म्हणतो, "बाहेर ऐकू येतं." पोरीची पहिली मैफल मी बाहेर पायरीवर, चपलांच्या ढिगाजवळ बसून ऐकली. डोळ्यांत पाणी, हातात चहा. चहावाला विचारायला लागला, "कोण गाय ऱ्हायनं?" तर मीच त्याला म्हटलं, शूऽऽऽ.

आता पुढच्या वर्षीची तयारी चालू आहे. साक्षीनं बैठकव्यवस्था स्वतः लिहून दिलीय. पहिल्या रांगेत आबा, दुसऱ्या रांगेत मंजुळाबाई, शेंगांसकट, आणि पप्पा... पायरीवर. माझी तक्रार नाही. चहा तिथंच गरम मिळतो.