मोटरकडे तोंड करून

— नाही हो मिस्त्री, दोन्ही बैठका पुढे बघणाऱ्या नकोत, एकदा सांगितलं ना. मागची पुढे बघणारी, पुढची मागे बघणारी. रेल्वेच्या डब्यासारखं दिसेल? दिसू दे. सव्वीस वर्षांची फायबरची बोट, तिला आता बघायला कोण येतंय — आणि मला तरी कोण येतंय! फळ्या काढून टाका, फोम जाड घाला, मागच्या बैठकीला पाठ उंच आणि दोन्हीकडे हात. डावीकडचा जरा उंच, दादा डावीकडे कलतो. आणि पट्टा. तो चटकन दिसता कामा नये हं, नाहीतर दादा म्हणेल — म्हणजे म्हणणार काय, आता बोलतो कुठे — नुसता बघेल. सगळं लिहून ठेवलंय, तीन प्रतींत. हसू नका. कारकून निवृत्त होतो, हात होत नाही.

हो, तोच. व्हरांड्यात खुर्चीत आहे ना, तो माझा थोरला भाऊ. गोळी घेतली की तासभर घोरतो, हळू बोलायची गरज नाही. बोट दोघांची. मोटरपाशी तो, पुढच्या फळीवर मी. त्यानं माझी पाठ बघायची, मी पाणी. भांडायला सोयीचं — तोंड बघावं लागत नाही. आणि भांडण झालं की तो गप्प. दोन-दोन दिवस गप्प. फिरती खुर्ची? नको, नको! फिरती असली की मी फिरवेन, मला मी ठाऊक आहे. पक्की ठोका.

त्या दिवशी नव्या मोटरवरून वाजलं. मी म्हटलं, विकून टाक हे धूड. तो गप्प. मी आणखी चार शब्द ऐकवले. तो गप्प. बोट आपली गोल-गोल फिरतेय — मला वाटलं, मुद्दाम चक्कर आणतोय मला. रुसलाय, रुसू दे. मीही हट्टाला पेटलो, वळून बघितलं नाही. अर्धा तास, मिस्त्री. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर — जाऊ दे. वहिनीला मी सांगितलंय, झटका आला तसं लगेच किनाऱ्याला आणलं. कुणालाच खरं — तुम्हाला का सांगतोय मी? तुम्ही मापं घ्यायला आलात.

उलटं बसलं की मळमळतं? मळमळू दे. रविवारी त्याला पाण्यावर न्यायचंय. तीनदा विचारलं, तीनदा मान फिरवली. बैठक बघून येईल कदाचित. तर लिहा — पुढची बैठक, मोटरकडे तोंड... लिहा ना. थांबलात का? आणि माझ्या खांद्यावरून मागे काय बघताय असं?

...

दादा? कधीपासून जागा आहेस?

मिस्त्री, तुम्ही या आता. टेप राहू द्या तिथंच. हो, उद्या — नको. उद्या नको. मी कळवतो.